पेटीचें भाडें कोणीं भरावें?

हल्लीं विद्या फुकट झाली आहे, असें सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यांत वारंवार येतें. आणि वरवर पाहतां तें खोटें आहे असें कोणास म्हणतां यावयाचें नाहीं. खरगपूरच्या आय. आय. टी. नें उभारलेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजीं राष्ट्रास अर्पण झालें. त्याच्या आदल्याच वर्षीं शाळांकरितां 'दीक्षा' सुरू झाली होती, आणि पाठ्यपुस्तकांत ते काळे-पांढरे चौकोनी ठसे दिसूं लागले, ज्यांवर मोबाईल धरला असतां धड्याचें चित्र अथवा चलच्चित्र पुढें येतें. बालभारतीचीं पुस्तकें घरबसल्या उतरवून घेतां येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं ज्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, तो मराठी विश्वकोश विकत घेऊन घरीं ठेवावयाचा म्हणजे एक अख्खें कपाटच अडवावें लागे. तो आतां एक पैही न देतां वाचतां येतो. लहान मुलांसाठीं 'प्रथम बुक्स' ह्या संस्थेनें २०१५ सालीं 'स्टोरीवीव्हर' काढलें, त्यांत मराठी गोष्टी पुष्कळ आहेत. तीन वर्षांच्या बालकापासून अठरा वर्षांच्या तरुणापर्यंत चार वयोगट पाडून राष्ट्रीय ई-पुस्तकालयही अलीकडे सुरू झालें आहे. अन्नछत्र मोठें आहे, आणि पानें मांडलेलीं आहेत.

ज्यांच्या घरीं पूर्वीपासूनच जेवण आहे ते ह्या पंक्तीस आधीं येऊन बसले, यांत नवल कांहीं नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं माणशीं एक मोबाईल, मुलांसाठीं एखादा लॅपटॉप आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर वाय-फायची पेटी असेल. कपाटांत आजोबांच्या वेळचीं पुस्तकेंही असतील. अशा घरांतील मुलास राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मिळालें काय आणि न मिळालें काय, त्याचें फारसें अडत नाहीं. ज्या मुलांपाशीं दुसरें कांहींच नाहीं, त्यांच्या हातीं यांतील किती पडतें, हा खरा प्रश्न; आणि तो विचारतांच आपल्या उत्साहास थोडा आळा बसतो.

'असर' ह्या नांवानें प्रसिद्ध असलेली ग्रामीण शिक्षणाची पाहणी २०२३ सालीं चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींपुरती करण्यांत आली. सव्वीस राज्यांतील अठ्ठावीस जिल्हे तिच्यांत होते. शेंकडा नव्वदांच्या आसपास मुलांच्या घरीं स्मार्टफोन आढळला. एवढाच आंकडा वाचून थांबणारा गृहस्थ समाधानानें वर्तमानपत्राची घडी घालील. पण त्याच पाहणींत पुढें असें दिसतें कीं, ज्यांना स्मार्टफोन वापरतां येतो अशांपैकीं मुलग्यांत शेंकडा ४३.७ जणांचा फोन स्वतःचा आहे, आणि मुलींत शेंकडा १९.८ जणींचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत (२०१९ ते २१) पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ३३.३ जणींनीं इंटरनेट कधीं काळीं एकदां तरी वापरलें होतें. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ५७.१ होतें. घरांत फोन असणें आणि मुलीच्या हातीं फोन असणें, यांत केवढें अंतर आहे तें ह्या दोन पाहण्यांवरून कळतें.

आपल्याच घरीं धुणेंभांडीं करावयास येणाऱ्या बाईंची दहावींतील मुलगी क्षणभर डोळ्यांपुढें आणावी. घरांत फोन एक. तो बापाबरोबर सकाळीं रिक्षावर जातो आणि रात्रीं नवांस परत येतो. जेवणें होईपर्यंत दहा वाजतात. मग धाकट्या भावास त्यावर खेळ पाहिजे असतो, आणि तो मुलगा म्हणून त्याचा हट्ट आधीं पुरतो. उरलेल्या अर्ध्या तासांत ती मुलगी विज्ञानाचा धडा उघडूं पाहते. कित्येक ठिकाणीं प्रथम नांवनोंदणी करावी लागते. तिला ई-मेलचा पत्ता लागतो, आणि मग फोनवर येणारा सांकेतिक आंकडा. तिला ई-मेल नाहीं. पत्ता कोणी काढून दिलाच, तर पुस्तक उतरवून घेण्यांत त्या दिवसाचा डेटा संपतो, कारण पुष्कळशीं जुनीं पुस्तकें म्हणजे पानांचीं छायाचित्रें आहेत व एकेका पुस्तकाचा भार फार होतो. पुस्तक उघडलें, तर तळहाताएवढ्या कांचेवर अक्षर मुंगीएवढें. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलींत दिवा एकच, आणि तो आतां मालवावयाचा आहे. इतक्याउपर ज्या मुलीनें तो धडा वाचला, तिच्या चिकाटीचें कौतुक करावें तेवढें थोडें. परंतु चिकाटी ही परीक्षेची अट असतां कामा नये.

ह्या सर्व अडचणींस एकच नांव द्यावयाचें तर आम्ही त्यांस भाडें म्हणूं. पुस्तक फुकट आहे. तें वाचकापर्यंत आणण्याचें भाडें फुकट नाहीं. तें भाडें सध्यां ज्याच्यापाशीं सर्वांत कमी आहे त्याच्याकडूनच घेतलें जात आहे.

हा प्रश्न नवा नाहीं, आणि तो एका मराठी राजानें एकदां फार चांगल्या रीतीनें सोडविला होता. सयाजीराव गायकवाड यांनीं बडोदें संस्थानांत १८९३ सालीं अमरेली भागापुरतें आणि १९०६ पासून सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर जी अडचण उभी राहिली तिची वाच्यता मात्र कमी होते. मूल चार इयत्ता शिकून शेतावर गेलें, कीं वाचावयास कांहींच नसल्यामुळें अक्षर विसरूं लागे. महाराजांनीं अमेरिकेच्या प्रवासांत तेथील सार्वजनिक ग्रंथालयें पाहिलीं होतीं. १९१० सालीं त्यांनीं विल्यम ॲलन्सन बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलाविलें. बॉर्डन सुमारें तीन वर्षें राहिले. पुढें ह्या कामाची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनीं वाहिली, व बडोद्याच्या ग्रंथालय-चळवळीवर एक इंग्रजी पुस्तकही लिहून ठेविलें.

राजधानींतील मध्यवर्ती ग्रंथालय मोठें होतें, परंतु आम्हांस त्याहूनही महत्त्वाची वाटते ती फिरत्या ग्रंथालयांची शाखा. मजबूत लांकडी पेट्या करवून घेतल्या. प्रत्येक पेटींत सुमारें पंचवीस-तीस पुस्तकें बसत. गांवांतून मागणी आली, कीं पेटी रवाना व्हावयाची. तेथील शिक्षकानें किंवा एखाद्या जबाबदार गृहस्थानें ती ताब्यांत घ्यावी, पुस्तकें लोकांस वाचावयास द्यावीं, आणि मुदत संपतांच पेटी परत धाडून दुसरी मागवावी. वाचकाकडून वर्गणी घ्यावयाची नाहीं. आणि ह्या लेखाच्या दृष्टीनें मुख्य मुद्दा हा कीं, पेटीच्या जाण्यायेण्याचें भाडें दोन्ही वेळां खात्यानें भरावयाचें. ज्या कोणा कारकुनानें हें कलम लिहिलें असेल त्यास ग्रंथालयशास्त्राचें मर्म कळलें होतें असें आम्ही समजतों. खेड्यांतील माणूस पुस्तकासाठीं चार आणे देणार नाहीं, असें नव्हे. पण पहिल्या खेपेस, पुस्तकाची गोडी लागण्यापूर्वीं, तो ते देणार नाहीं, हें त्यांत ओळखलेलें होतें. ज्या गांवास स्वतःचें ग्रंथालय हवें असेल तेथें तिसरा हिस्सा गांवानें, तिसरा प्रांतपंचायतीनें आणि तिसरा सरकारनें घालावा, अशीही व्यवस्था होती. इतकेंच नव्हे, तर ज्यांस वाचतां येत नाहीं अशांसाठीं त्याच खात्याची एक निराळी शाखा खेडोपाडीं चित्रें व चलच्चित्रें फुकट दाखवीत फिरे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर 'डिजिटल शैक्षणिक साधनें' घेऊन ती मंडळी शंभर वर्षांपूर्वींच बैलगाडीच्या वाटेनें निघालीं होतीं.

त्या पेटीबरोबर नेहमीं एक माणूस असे, हें विसरतां कामा नये. पुस्तकें निवडणारा एक बडोद्यास, आणि वाटणारा एक गांवांत. फुकट संग्रहांचा आज जो अफाट पसारा झाला आहे, त्यांत नेमकीं हींच दोन माणसें नाहींशीं झालीं आहेत. लक्षावधि पुस्तकें एकदम पुढें ओतल्यानें नवशिक्या वाचकाचें भलें होत नाहीं. वर सांगितलेल्या 'असर' पाहणींतच असें आढळलें कीं, चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शास आपल्या भाषेंतील दुसरीच्या पुस्तकाचा उतारा सफाईनें वाचतां येत नाहीं. त्या मुलास शोधाच्या चौकटींत काय लिहावयाचें, हेंच कळावयाचें नाहीं. लिहिलें तरी जुन्या मराठी पुस्तकांचीं नांवें पुष्कळ ठिकाणीं रोमन लिपींत, आणि तींही नोंद करणाऱ्यास जशीं ऐकूं आलीं तशीं, नोंदलेलीं आहेत. पुस्तक संग्रहांत आहे, पण हांक मारली तर ओ देत नाहीं. अशा वेळीं 'हें नको, तें पाहा. ह्यांतला तिसरा भाग तुझ्या उपयोगाचा आहे' असें सांगणारें एक माणूस दहा हजार पुस्तकांच्या मोलाचें ठरतें. डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें मांडलीं, त्यांत प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक मिळवून देण्याचा भार ग्रंथपालावर टाकला आहे, वाचकावर नव्हे.

असें माणूस आणि अशी जागा महाराष्ट्रांत नाहीं काय? आहे, आणि पुष्कळ आहे. रत्नागिरीचें वाचनालय १८२८ सालचें, नाशिकचें १८४० चें, पुण्याचें १८४८ चें. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालींच ग्रंथालयाचा कायदा केला. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानें लोकांनीं चालविलेल्या ग्रंथालयांस सरकारी अनुदान बांधून दिलें, आणि आज अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडणारीं दहा हजारांहून अधिक ग्रंथालयें राज्यांत आहेत. एवढें मोठें जाळें फार थोड्या प्रांतांस लाभलें असेल. परंतु हीं ग्रंथालयें बहुतेक वर्गणीचीं आहेत. वर्गणी फार नसते; अनामत रक्कम मात्र रोजंदारीवर पोट भरणाऱ्यास जड जाते, आणि पत्त्याचा पुरावा मागितला, कीं वस्तींतील भाडेकऱ्याचा मुलगा तेथूनच माघारीं फिरतो. खालच्या वर्गांतील ग्रंथालय बहुधा एकट्या ग्रंथपालाच्या जिवावर चालतें. अनुदान अलीकडे वाढलें आहे खरें. तरी त्या ग्रंथपालाच्या हातीं महिन्याअखेरीस जें पडतें, त्याचा उच्चार चारचौघांत करावयास संकोच वाटावा. त्यानें सकाळीं वर्तमानपत्रें मांडावीं, झाडलोट करावी, नोंदवह्या भराव्या, आणि वर गरीब मुलांस डिजिटल ग्रंथालयाची वाट दाखवावी, ही अपेक्षा करणें आपणांस फार सोपें जातें. कित्येक ठिकाणीं संगणक आलेला असतो, पण त्यावर फुलांचा अभ्रा घातलेला असतो, व तो अभ्रा ध्वजवंदनाच्या दिवशीं निघतो. बिघडला तर दुरुस्त कोण करणार, ह्या भीतीनें तो कोणास हात लावूं दिला जात नाहीं. ह्यांत ग्रंथपालास हंसण्यासारखें कांहीं नाहीं. दुरुस्तीचा खर्च कोणाच्या पगारांतून कापला जाईल, तें त्यास ठाऊक असतें.

१ फेब्रुवारी २०२३ रोजीं अर्थमंत्र्यांनीं मुलांच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा केली, तेव्हां त्याच भाषणांत आणखीही एक वाक्य होतें. ग्रामपंचायतींत व शहरांतील प्रभागांत मुलांसाठीं प्रत्यक्ष ग्रंथालयें काढावीं, आणि तेथें हीं डिजिटल पुस्तकें वाचण्याची सोय करावी, यास राज्यांना उत्तेजन दिलें जाईल, असा त्याचा आशय होता. घोषणेचा पहिला भाग पार पडला, कारण तो एका ठिकाणीं बसून पार पाडतां येतो. दुसऱ्या भागास खोली लागते, विजेचें बिल लागतें, आणि किल्ली बाळगणारा माणूस लागतो. आम्हांस तो दुसरा भागच अधिक महत्त्वाचा वाटतो.

तंत्राची अडचण मात्र दिसते तेवढी मोठी नाहीं. बडोद्याच्या लांकडी पेटीचा आधुनिक अवतार आज अस्तित्वांत आहे, आणि त्याची माहिती घरोघर असावी म्हणून ती येथें थोडी विस्तारानें देतों. 'रास्पबेरी पाय' नांवाचा एक अगदीं लहान संगणक इंग्लंडांत २०१२ सालीं निघाला. आकार पत्त्यांच्या जोडाएवढा. त्यांत नखाएवढें साठवणीचें कार्ड बसतें. त्या कार्डावर पुस्तकें, धडे, चलच्चित्रें एकदां भरून ठेविलीं, कीं ही डबी आपल्याभोंवतीं स्वतःचें वाय-फाय पसरते. त्या खोलींत बसलेल्या मुलांनीं आपले जुनेपुराणे मोबाईल तिला जोडले, तर डबींतील सर्व कांहीं त्यांस वाचतां येतें. इंटरनेट लागत नाहीं, डेटाचा खर्च होत नाहीं, सांकेतिक आंकडा मागितला जात नाहीं. अशा डबींत भरण्यासाठीं 'किविक्स' हें साधन २००७ पासून आहे. संपूर्ण मराठी विकिपीडिया त्यांतून इंटरनेटशिवाय वाचतां येतो. 'कोलिब्री' नांवाचें दुसरें साधन शाळेच्या अभ्यासासाठीं मुद्दाम केलेलें आहे. त्यांत गणित-विज्ञानाचे पाठ, प्रश्न व उत्तरें असतात, आणि कोणतें मूल कोठें अडलें तें शिकविणाऱ्यास पाहतां येतें. दोन्ही साधनें विनामूल्य आहेत. स्टोरीवीव्हरच्या गोष्टी तर वाटण्याची, छापण्याची, इतकेंच काय पण भाषांतर करण्याचीही मोकळीक देऊनच प्रसिद्ध होतात. इतर पुस्तकांच्या बाबतींत मात्र प्रकाशकाची परवानगी घेतल्यावांचून डबी भरूं नये. गरिबांसाठीं केलेली चोरी पुण्य ठरते, असा एक समज आपल्यांत आहे. ज्या मराठी लेखकाची आवृत्ति पांचशेंची निघते त्याला त्या पुण्याचा भाग मिळत नाहीं.

ही डबी कोठें न्यावी, असें कोणी विचारील. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडणीस निघणाऱ्या कुटुंबांचें उदाहरण घ्यावें. त्या कुटुंबांतील मुलें साखर कारखान्यांच्या आसपास पालांत पांच-सहा महिने काढतात. शाळा गांवीं राहते, आणि पालावर इंटरनेट असलें तरी फोन फडांत मुकादमाशीं बोलण्यास गेलेला असतो. तेथें एक डबी, एक वीजसांठ्याची बॅटरी, दोन-तीन जुन्या टॅबलेट आणि संध्याकाळीं दोन तास बसणारा एक शिक्षक, एवढ्यावर एक फिरतें ग्रंथालय उभें राहूं शकतें. बडोद्याच्या पेटीप्रमाणेंच मुदत संपतांच ती परत यावी, आणि कार्डावरील मजकूर बदलून पुन्हां जावी. माणसावांचून धाडलेली डबी मात्र त्या अभ्र्याखालील संगणकाची धाकटी बहीणच होईल.

एका वर्गाच्या तरुणांकडे येथवर आपण वळलों नाहीं. कारण त्यांची अडचण निराळी व अधिक खोल आहे. ते म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थी. वस्तुतः डिजिटल पुस्तकाचा सर्वांत मोठा लाभ त्यांनाच व्हावयाचा. ब्रेल लिपींतील ग्रंथ जाड व महाग, आणि अभ्यासाचीं सर्व पुस्तकें त्या लिपींत मिळणें कठीण. संगणकावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारीं साधनें मात्र आतां मराठीही बोलतात, आणि त्यांपैकीं 'एन. व्ही. डी. ए.' हें तर विनामूल्य आहे. कायदाही ह्या बाबतींत त्यांच्या बाजूनें उभा आहे. २०१२ सालीं आपल्या कॉपीराइट कायद्यांत सुधारणा होऊन, अपंगांस वाचतां येईल अशा स्वरूपांत पुस्तकाची प्रत करण्यास मोकळीक मिळाली. त्याच हेतूनें २०१३ सालीं मराकेश येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यास २०१४ सालीं संमति देणारें पहिलें राष्ट्र हिंदुस्थान होतें, ही अभिमानाची गोष्ट आहे. २०१६ च्या ऑगस्टांत 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झालें. छापील अक्षर वाचूं न शकणाऱ्यास तेथें नांव नोंदवून पुस्तकें मिळवितां येतात.

मग अडतें कोठें? आमच्या वाचकांनीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. संगणकावर एखादें स्कॅन केलेलें मराठी पुस्तक उघडावें, आणि त्यांतील एक ओळ निवडून दुसरीकडे उतरवून घेण्याचा प्रयत्न करावा. पुष्कळदां ओळ निवडलीच जात नाहीं, कारण तें पान म्हणजे एक चित्र आहे; संगणकास त्यांत अक्षर दिसत नाहीं, केवळ काळे-पांढरे ठिपके दिसतात. वाचून दाखविणारें साधन अशा पानापुढें मुकें होतें. कांहीं पुस्तकांत ओळ निवडली जाते, पण उतरवून घेतां रोमन अक्षरांचा कांहींतरी गबाळा समोर येतो. याचें कारण असें कीं, युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी जुळणीसाठीं जे टंक वापरीत, त्यांत 'क' दिसला तरी त्याखालीं सांकेतिक खूण दुसऱ्याच अक्षराची असे. डोळस वाचकास 'कमळ' दिसतें. यंत्रास भलतेंच कांहीं ऐकूं येतें, आणि दृष्टिहीन मुलाच्या कानीं तेंच पडतें. अजूनही कांहीं छापखान्यांतून पुस्तकें याच टंकांत जुळविलीं जातात, आणि छापखान्यानें दिलेली तीच प्रत संकेतस्थळावर ठेवून संस्था पुस्तक 'डिजिटल' झाल्याचें जाहीर करते. पैसा खर्च झाला, समारंभ झाला, हार-तुरे झाले. आणि ज्या मुलास त्याची सर्वांत अधिक गरज होती, त्याच्यासाठीं पुस्तक पूर्वींइतकेंच बंद राहिलें. पुस्तक युनिकोडांत आहे काय, एवढा एकच प्रश्न प्रत्येक अनुदान देणाऱ्यानें विचारला, तरी ह्या रोगाचा बराच भाग आटोक्यांत येईल.

चित्राचें अक्षर करण्याचें काम यंत्र आतां बऱ्यापैकीं करतें. जोडाक्षरें, फिक्कट शाई आणि जुने अनुस्वार यांपाशीं मात्र तें ठेंचाळतें. तेथें डोळस माणूस लागतो. मराठी विकिस्रोत येथें हें काम चालतें. ज्या लेखकांच्या निधनास साठ वर्षें होऊन गेलीं त्यांचीं पुस्तकें कायद्यानें मुक्त होतात. त्यांचीं पानें तेथें एका बाजूस चित्र व दुसऱ्या बाजूस मजकूर अशीं मांडतात, एकानें चुका दुरुस्त करावयाच्या आणि दुसऱ्यानें तें पान पुन्हां तपासावयाचें. एकत्र कुटुंबासाठीं याहून सोईचें काम आम्हांस सुचत नाहीं. आजोबांस जुनें शुद्धलेखन ठाऊक आहे, नातीस कळफलक ठाऊक आहे. दोघांनीं मिळून दुपारच्या चहापूर्वीं तीन पानें केलीं, तर वर्षाकांठीं तीन-चार पुस्तकें बोलकीं होतात. आजोबांचा डोळा ह्या कामीं नातीच्या डोळ्याहून तीक्ष्ण असतो.

बाकी राहिलेलें भाडें असें एका घरानें उचलण्याजोगें नाहीं. तें गल्लीनें, ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळानें आणि सरकारनें मिळून उचलावयाचें आहे, बडोद्याच्या त्या तीन हिश्शांप्रमाणें. आमचे पुष्कळ वाचक आपापल्या गांवच्या ग्रंथालयाचे आजीव सभासद आहेत. कांहीं मंडळावर निवडूनही गेले आहेत. वार्षिक सभेंत अहवाल वाचून दाखवितात, टाळ्या होतात, अल्पोपहार होतो. त्या सभेंत विचारण्याजोग्या गोष्टी कांहीं थोड्या नाहींत. अठरा वर्षांखालील मुलांची अनामत माफ करतां येईल काय? पत्त्याच्या पुराव्याऐवजीं एखाद्या सभासदाची चिठ्ठी चालेल काय? संगणकावरचा अभ्रा काढून त्याच्या दुरुस्तीसाठीं वर्षाकांठीं निराळी रक्कम बाजूस काढतां येईल काय, म्हणजे ग्रंथपालास त्याची भीति राहणार नाहीं? आणि ग्रंथपालानें मुलांस वाट दाखवावी असें म्हणावयाचें असेल, तर त्या जादा तासांचा मोबदला कोण देणार?

ह्या सर्वांत आम्ही वेळेस अधिक महत्त्व देतों. ग्रंथालयें बहुधा सकाळीं आणि सायंकाळीं उघडीं असतात. ही वेळ नोकरदार सभासदांच्या सोईची आहे. ज्या मुलीची शाळा सकाळची, तिची आई दुपारीं दुसऱ्यांच्या घरीं कामावर, बाप रिक्षावर आणि फोन बापापाशीं, तिला मोकळा वेळ मिळतो तो दुपारीं दोन ते पांच. सायंकाळीं ती घरीं पाणी भरते, आणि दिवेलागणीनंतर तिला कोणी बाहेर सोडीत नाहीं. नेमक्या त्याच वेळीं ग्रंथालयाच्या दारास कुलूप असतें. आणि त्याच वेळीं आपल्या घरांतील सेवानिवृत्त मंडळी व ज्येष्ठ भगिनी जेवून, थोडी विश्रांति घेऊन, मोकळ्या असतात. आठवड्यांतून एक दुपार एकेकीनें वाटून घेतली, तर सहा जणींत आठवडा भरतो. मुलींस पुस्तक शोधून देणें, नांवनोंदणी एकदां करून देणें, न समजलें तें शेजारीं बसून वाचणें, एवढेंच काम. किल्ली कोणापाशीं ठेवावयाची, तें मंडळानें ठरवावें.